कळकलेली पिन

कराडहून येताना कुंभार्ली घाट उतरायला रात्र झाली, आणि गाडीचा डावा हेडलाइट असून नसल्यासारखा. उजवीकडे लख्ख उजेड, डावीकडे समईची वात. पावसाळ्यात धुकं उतरलं की कडेची पांढरी रेघ हाच काय तो आधार, आणि ती नेमकी डावीकडेच असते.

या दिव्याचा बल्ब त्याआधी दोनदा बदलून झाला होता. दोन्ही वेळा गॅरेजवाल्यानं बल्बामागचा कपलर काढला, त्यात मीटरच्या सुया घातल्या आणि मला आकडा दाखवला. साडेबारा व्होल्ट. "करंट बरोबर येतोय मॅडम, बल्बच वीक निघाला." तिसऱ्या वेळी त्यानं अख्खा हेडलाइट बदलायला सांगितला, तेव्हा मी चिपळुणातल्या वायरिंगवाल्या काकांकडे गेले.

काकांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. गाडी चालू करायला लावली, समोर उभे राहिले आणि म्हणाले, "अप्पर मारा. आता डिप्पर. आता डावा इंडिकेटर." इंडिकेटर लागला तसा हेडलाइटही त्याच्या तालावर किंचित मिचमिचायला लागला. इतके दिवस गाडी चालवून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. आत बसणाऱ्याला दिसणार तरी कसं?

"अप्पर-डिप्पर दोन्ही मंद, म्हणजे दोघांत जे सामायिक आहे तिथं गडबड. इंडिकेटरचाही त्यात वाटा. अर्थिंग बघायचं, ताई. बल्बाला दोष देऊ नका, बल्बाला खायलाच मिळत नाहीये."

मग मीटर निघाला. पण कपलर त्यांनी बल्बावरून काढला नाही. दिवा लागलेलाच ठेवला, आणि कपलरच्या मागच्या बाजूनं, वायर जिथं आत शिरते तिथून, एक बारीक सुई पिनेपर्यंत सरकवली. वायरचं कातडं टोचलं नाही. टोचलेल्या भोकातून पाणी शिरतं आणि तांब्याच्या तारांमधून केशिकेसारखं आत आत चढतं. वर्षभरानं फॉल्ट भलतीकडेच निघतो. मीटरची दुसरी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर. आकडा आला २.१.

हा आकडा शून्याच्या जवळ हवा होता. चांगल्या जोडावर एक दशांश व्होल्टसुद्धा खर्ची पडू नये. इथं अर्थच्या वाटेवर दोन व्होल्टांहून जास्त गळत होते. मग त्या गॅरेजवाल्याचे साडेबारा व्होल्ट खोटे होते का? नाही. विहिरीच्या दोराची गाठ रिकाम्या दोराला घट्टच वाटते, भरलेली कळशी ओढली की कळतं. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एका तारेवर लटकलेला जोडही त्याला ठणठणीत दिसतो. बल्ब मात्र ५५ वॅटचा, त्याला चार-साडेचार अँपिअर लागतात. तेवढा ओघ अरुंद जागेतून जाताना दाब घटतो. दोन व्होल्ट कमी मिळाले की हॅलोजनचा उजेड निम्म्याच्या आसपास येतो, आणि ते हरवलेले दोन व्होल्ट जोडापाशी उष्णता होऊन बसतात. हिशेब केला तर आठ-नऊ वॅट. नखाएवढ्या पिनेला ते पुष्कळ झाले. हेडलाइटचे कपलर तपकिरी होऊन वितळतात ते यामुळे.

काका सुई पुढे पुढे नेत गेले. बॉडीला जिथं अर्थचा बोल्ट आहे तिथून बॅटरीपर्यंत ०.०३. म्हणजे बॅटरीची केबल आणि बोल्ट निर्दोष. चोर बल्ब आणि बोल्ट यांच्या मधे. त्यांनी बंपरच्या आत हात घातला, चाचपत चाचपत वायरिंगचा जुडगा पकडला आणि हलवला. मी समोर उभी. दिवा एकदम उजळला, पुन्हा विझू विझू झाला.

"सापडला."

अंगठ्याएवढा काळा कपलर, अगदी खाली, चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात. सोबतच्या पोरानं वायरी धरून तो ओढायला घेतला, तर काकांनी त्याच्या हातावर चापट मारली. आधी गाडी बंद, मग लॉकची जीभ दाबायची, मग डबीला डबीनं धरून सरळ ओढायचं. वायरीला धरून ओढलं की पिन आतल्या आत मागे सरकते. डबी परत लावताना टक्क वाजते, पण पिनेला पिन भेटतच नाही. त्याच दिवशी त्या पोरानं दुसऱ्या एका गाडीत स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कपलरकडे हात नेला होता, तेव्हाची चापट याहून जोरात होती. पिवळा म्हणजे एअरबॅग. तिथं मीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर नाहीच. इलेक्ट्रिक गाड्यांत तसाच मान नारिंगी वायरींना.

कपलर उघडला. चार पिना. तीन मळकट, चौथी हिरवी. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की चढतो तो हिरवा. आजी अशा ताकाला कळकलेलं म्हणायची आणि ओतून द्यायची. काकांना मी हे सांगितलं तर ते हसले नाहीत. "बरोबर आहे की. पिनेवरपण कल्हईच असते." खरंच आहे. तांब्या-पितळेच्या पिनेवर कथलाचा पातळ थर देतात, आणि कल्हई म्हणजे दुसरं काय? इंजिनाच्या थरथरीनं पिना एकमेकींवर केसभर घासत राहतात, थर झिजतो, कथलाची काळसर पूड साठते, आणि पाणी नसतानाही जोड बिघडतो. पाणी मिळालं तर मग विचारायलाच नको.

रबरी सील एका बाजूला चेपलेलं होतं. त्याच्या घडीत पिठासारखा बारीक, तांबूस गाळ. काकांनी तो बोटांत चोळला. "पुराचा." २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तेव्हा ही गाडी बंपरपर्यंत पाण्यात उभी होती. सुरू झाली म्हणून आम्ही नारळ फोडला होता. गाळ मात्र या डबीत बसून राहिला.

मला वाटलं, स्प्रे मारतील आणि लावतील. स्प्रे मारला, ब्रशनं घासलंही, पण मग त्यांनी एक सुटी नवी पिन घेतली आणि समोरच्या चारही खाचांत एकेक करून घालून काढली. तीन ठिकाणी पिन जरा अडून निघाली. चौथीत भसकन गेली, भसकन आली. "जबडा सैल झालाय. साफ करून उपयोग नाही, महिन्यात परत याल." दोन्हीकडची पिन कापून टाकली, चांगलं तांबं लागेपर्यंत वायर सोलली, नवी टर्मिनलं पकडीनं दाबली आणि ओढून पाहिली. पिळून टेप मारणाऱ्यांबद्दल ते जे बोलले ते इथं छापता येणार नाही. सील नवं. त्यावर सिलिकॉन ग्रीस, तेही दिसेल न दिसेल इतकंच. ग्रीस करंट वाहायला नसतं, पाणी अडवायला असतं. घरातली पेट्रोलियम जेली सीलला लावू नका असं त्यांनी बजावलं, काही रबरं तिनं फुगतात. शेवटी वायरीला कपलरच्या खाली झोळ दिला. पाणी ओघळलं तर झोळाच्या तळाशी टपकावं, डबीत उतरू नये.

पुन्हा दिवा लावून मीटर. ०.०५.

एवढ्या कामाला दीड तास लागला. त्यातला तासभर शोधण्यात गेला, आणि मला वाटतं पैसे त्याचेच द्यायचे असतात. आपण मात्र नवा पार्ट हातात पडल्याशिवाय खिशात हात घालत नाही, म्हणून गॅरेजवालेही पार्टच बदलतात. पुढच्या वेळी कुणी मीटर दाखवून "करंट येतोय" म्हणालं, तर दिवा लावलेला असताना किती येतोय, एवढं विचारा.

काढलेले दोन्ही बल्ब डिकीत पडून होते. घरी येण्याआधी काकांनी ते एकेक करून लावून पाहिले. दोन्ही चांगले आहेत.