संध्याकाळी मिटणारी पापणी

सकाळी नीट उघडलेला डोळा संध्याकाळी मिटायला लागतो. चार घास चावले की जबडा थकतो, बोलता बोलता आवाज गेंगाणा होतो. थोडं पडलं की पुन्हा बरं वाटतं. घरच्यांना ते नाटक वाटतं, आणि रुग्णाला आजारापेक्षा तेच जास्त लागतं. पण कामाने वाढणारा, विश्रांतीने उतरणारा हा अशक्तपणा मायस्थेनिया ग्रेव्हिसची खूणच आहे.

मज्जातंतूच्या टोकातून असिटिलकोलिन हे रसायन सुटतं. ते स्नायूवरच्या ग्राहकांना चिकटलं की स्नायू हलतो. इथे बहुतेकदा शरीराची स्वतःची प्रतिपिंडं त्या ग्राहकांवरच उठतात. निरोप निघतो, पण घेणारे कमी पडतात. काहींच्या छातीत थायमस ग्रंथीची गाठ सापडते, म्हणून तिथला स्कॅन टाळू नये.

१९३४ साली इंग्लंडमध्ये डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि रुग्णाची ताकद काही काळ परतली. त्याच जातीचं पायरिडोस्टिग्मिन आजही रोज वापरतात. डॉक्टरांना विचारून ती गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली, तर गिळणं सोपं जातं. मूळ हल्ला आवरायला मात्र स्टेरॉइडसारखी औषधं लागतात; ती मनाने बंद करू नयेत.

जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी साधी प्रतिजैविकंही हा आजार वाढवू शकतात. म्हणून आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी, दातांच्या डॉक्टरांनाही दाखवावी. श्वास अपुरा पडू लागला किंवा थुंकीही गिळता येईना, तर सकाळची वाट न बघता अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठावं.