गंजगोलाईचा पत्ता आणि डॉलरची खूण

लातूरच्या गंजगोलाईत गेलाय का कधी? मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिथून चहूकडे फुटलेले १६ रस्ते! तिथे उभं राहून कुणाला सांगा, ‘तुमच्या डावीकडच्या दुकानात या.’ तो माणूस चार पावलं पुढे सरकला की त्याच्या डावीकडचं दुकान बदललंच! पण ‘गंजगोलाईत या’ म्हटलं, तर औशाहून येणारा आणि अहमदपूरहून येणारा, दोघंही एकाच ठिकाणी पोचतात.

म्हणजे एक पत्ता आपल्याबरोबर सरकणारा आणि दुसरा जागचा न हलणारा. संगणकातल्या स्प्रेडशीटला हे दोन्ही पत्ते कळतात, बरं का!

स्प्रेडशीट म्हणजे चौकटींची वही. उभ्या रकान्यांना ए, बी, सी अशी अक्षरं, आडव्या ओळींना १, २, ३ असे आकडे. दोन्ही जोडले की घराचा पत्ता तयार: बी२, सी५, ई१. या घराला म्हणतात सेल. सेलमध्ये आधी = ही खूण टाकली, की पुढचं सगळं सूत्र. (संगणकावर अक्षरं आणि आकडे इंग्रजीत टंकायचे.)

आता शाळेच्या छपरावर चला. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर १ लिटर पाणी होतं. समजा, छप्पर २०० चौरस मीटरचं आहे. तो आकडा ई१ मध्ये लिहा. ए रकान्यात तारखा, बी रकान्यात पाऊस: १२, ३०, ८, २५ मिलिमीटर. पहिली ओळ मथळ्यांची, म्हणून आकडे बी२ पासून. मग सी२ मध्ये लिहा =बी२*ई१. उत्तर २४०० लिटर. छान!

आता सी२ च्या कोपऱ्यातला बारीक चौकोन धरून खाली ओढा. अरे! ३० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी शून्य? खालच्या सगळ्याच ओळींत शून्य!

संगणक चुकला नाही. एक ओळ खाली येताच त्याने बी२ चं बी३ केलं, ते आपल्याला हवंच होतं. पण ई१ चंही ई२ केलं. ई२ रिकामं, म्हणून गुणाकार शून्य. त्याला तो पत्ता ‘डावीकडचं दुकान’ वाटला. आपल्याला हवी होती गंजगोलाई!

म्हणून लिहायचं =बी२*$ई$१. डॉलरची खूण म्हणजे जमिनीत ठोकलेली खुंटी. अक्षरापुढची खुंटी रकाना हलू देत नाही, आकड्यापुढची ओळ हलू देत नाही. पुन्हा ओढा: २४००, ६०००, १६००, ५०००. खाली =सम(सी२:सी५) लिहिलं की बेरीज १५,००० लिटर.

ही वही नांदेडच्या मैत्रिणीला पाठवा. तिच्या शाळेचं छप्पर ३०० चौरस मीटरचं असेल, तर तिने ई१ मध्ये ३०० लिहायचं, बी रकान्यात तिकडचा पाऊस भरायचा. सूत्राला हातही लावायचा नाही, उत्तरं आपोआप बदलतात.

हे आपोआप बदलणं डॅन ब्रिकलिन या अमेरिकी विद्यार्थ्याला सुचलं ते फळ्यावरून. फळ्यावर हिशेबातला एक आकडा बदलला, की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर ‘व्हिजिकॅल्क’ बनवलं. ते १९७९ साली बाजारात आलं.

मला विचाराल तर सूत्रं शिकायला पावसाइतकं चांगलं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. घरी आईबाबांना विचारा, त्यांना ती गाडी नक्की आठवत असेल. तिच्या एका वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर पाणी मावायचं. आता आपल्या वहीत बघा: २०० चौरस मीटरच्या छपरावर सगळा मिळून २५० मिलिमीटर पाऊस पडला, की तेवढंच पाणी होतं! (थोडं उडतं, थोडं सांडतं. त्यासाठी एफ१ मध्ये ०.८ लिहून त्यानेही गुणा. पण तिथे खुंट्या कुठे ठोकायच्या, ते तुम्हीच ठरवा.)

मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आत टेप घेऊन शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा आणि ई१ भरून ठेवा.