धगधगत्या प्लाझ्म्याचें मोजमाप

पिंपळगाव राजा असो कीं मुंबई, घरांतील नळीचा दिवा लागला म्हणजे त्या नळींत पदार्थाची चौथी अवस्था प्रगट होते. घन, द्रव व वायु ह्या तीन अवस्था शाळेंतील मुलांसही ठाऊक असतात. वायूंतून वीज खेळूं लागली म्हणजे कांहीं अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. हे इलेक्ट्रॉन व मागें राहिलेले धनभारित आयन ह्यांच्या मिश्रणास अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर ह्यांनीं १९२८ सालीं प्लाझ्मा हें नांव दिलें.

सूर्याच्या गाभ्यांतील प्लाझ्मा इतका तप्त असतो कीं हायड्रोजनचीं अणुकेंद्रें एकमेकांशीं जुळून प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. ही क्रिया पृथ्वीवर ताब्यांत आणण्याचा मार्ग वीस वर्षांत सांपडेल, असें भाकीत मुंबईचे डॉ. होमी भाभा ह्यांनीं १९५५ सालीं जिनिव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलें होतें. त्या ऊर्जेवर चालणारें वीजघर मात्र अद्याप उभें राहिलेलें नाहीं. यंत्राच्या आंत प्लाझ्मा खरोखर किती तापला आहे हें ओळखणें, हीच ह्या कामांतील एक मोठी अडचण आहे.

लँगम्यूर ह्यांनीं त्यासाठीं एक साधी शलाका योजिली. टंगस्टनसारख्या धातूची बारीक तार प्लाझ्म्यांत सारावयाची व तिच्यावरील विजेचा दाब बदलीत तिच्यांतून किती प्रवाह वाहतो हें पहावयाचें. तार पुष्कळ ऋणभारित असतां इलेक्ट्रॉन मागें लोटले जातात. केवळ आयन तिच्यापर्यंत पोंचतात व प्रवाह अल्प, पण जवळजवळ स्थिर राहतो. ऋणभार कमी करीत गेलें म्हणजे प्रथम अतिवेगवान्, मग त्यांहून मंद इलेक्ट्रॉन येऊं लागतात व प्रवाह झपाट्यानें चढतो. इलेक्ट्रॉन जितके तप्त, तितकी ही चढण सौम्य. म्हणून चढणीवरून उष्णतामान निघतें. तें उष्णतामान व आरंभींचा स्थिर प्रवाह ह्या दोहोंवरून कणांची दाटी समजते.

शितावरून भाताची परीक्षा करावी तशी ही रीत आहे. पण हा भात सर्वत्र सारखा शिजलेला नसतो. गाभ्यांत तार नेली तर ती वितळेल व तिच्या धातूनें प्लाझ्माही थंड होईल. म्हणून शलाका कडेलाच ठेवितात. गांधीनगरजवळ १९८९ सालीं सुरू झालेल्या ‘आदित्य’ यंत्रांतील अशा शलाकांवरून, कडेची खळबळ एकसारखी नसून तींत मधूनमधून मोठ्या उसळ्या येतात, असें १९९२ सालीं प्रसिद्ध झालें. उष्णता भिंतीकडे कशी निसटते हें समजण्यास अशा नोंदी उपयोगी पडतात.

गाभ्याविषयीं घाईनें अनुमान केल्यास काय होतें, हें १९५८ सालीं इंग्लंडांत दिसलें. ‘झीटा’ यंत्रांतून न्यूट्रॉन निघतांच उष्णतेनें केंद्रें जुळल्याचा गाजावाजा झाला. कांहीं महिन्यांतच त्यांचें कारण निराळें ठरून दावा मागें घ्यावा लागला. त्यामुळें १९६८ सालीं रशियनांनीं मॉस्को येथील ‘टी-३’ यंत्रांत सुमारें एक कोटि अंश गांठल्याचें सांगितलें, तेव्हां अनेकांस तें पटेना. मग रशियाचे आर्त्सिमोविच ह्यांनीं इंग्रज शास्त्रज्ञांसच आपलें यंत्र तपासण्यास बोलाविलें. १९६९ सालीं त्यांनीं लेसरचा झोत प्लाझ्म्यांतून सोडला. इलेक्ट्रॉन जितके वेगवान्, तितका विखुरलेल्या प्रकाशाचा रंग अधिक फांकतो. त्यावरून कशासही स्पर्श न करतां गाभ्याचें उष्णतामान निघालें, आणि तें रशियनांच्या आंकड्याशीं जुळलें.

त्यानंतर देशोदेशीं ‘टी-३’च्या धर्तीचीं यंत्रें उभीं राहूं लागलीं, ‘आदित्य’ही त्याच जातीचें. शीतयुद्धाच्या दिवसांत आपलें यंत्र प्रतिस्पर्ध्याच्या हातीं परीक्षेस देणें सोपें नव्हतें. परंतु स्वतःच्या शब्दानें जो विश्वास रशियनांस मिळाला नव्हता, तो परक्यांच्या ह्या मोजमापानें मिळाला.