स्लॅबच्या घरातला उन्हाळा : गार पाण्याचे पॅनेल आणि एसी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आपली जुनी घरे जाड मातीच्या भिंतींची आणि कौलारू. वर लाकडी माळा असे, त्यामुळे कौले तापली तरी झळ खाली पोचत नसे. आता बहुतेकांनी स्लॅब घातला आहे. एप्रिल-मे महिन्यांत तो दिवसभर तापतो आणि रात्रभर खोलीत उष्णता सोडतो. बाहेर वारा सुटलेला, एसी २० अंशांवर, तरी माडीवर झोपणाऱ्या आजी-आजोबांना गरगरते. दर वेळी दोष एसीचा असतोच असे नाही.

थंडीच्या रात्री गुऱ्हाळात चुलवाणासमोर जे उभे राहिले आहेत, त्यांना हे लगेच कळेल. हवा गार असते, तरी तोंड भाजते, कारण ही उष्णता थेट अंगावर येते. तापलेल्या छताचेही तसेच. एसी हवा गार करतो, छत तापलेलेच राहते.

रेडियंट पॅनेल नेमके छताचे काम करते. छताखाली पत्र्याचे किंवा जिप्समचे पॅनेल बसवून त्यातल्या नळ्यांतून साधारण १६ ते १८ अंशांचे पाणी फिरवतात. अंगाची उष्णता ते ओढून घेते आणि वरच्या स्लॅबची झळही अडते. मग खोलीची हवा २६ अंशांवर असली तरी बरे वाटते.

मग एसी कशाला? दमटपणासाठी. आपल्याकडे मे महिन्यात वळीव कोसळतो आणि लगोलग पावसाळा लागतो. हवा २८ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर २२ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी सुटते. म्हणजे पॅनेल अंथरुणावर ठिबकणार! हवा २६ अंश आणि आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली, तर ही मर्यादा १५ अंशांच्या आसपास उतरते. हे कोरडे करण्याचे काम एसीचे, आणि त्याला छोटा एसी पुरतो.

इन्फोसिसने २०११ मध्ये हैदराबादच्या पोचारम येथील इमारतीचा अर्धा भाग नेहमीच्या वातानुकूलनावर आणि अर्धा स्लॅबमधल्या गार पाण्याच्या नळ्यांवर चालवला. नळ्यांच्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. अर्थात ते मोठे कार्यालय. एका बेडरूमसाठी हा खर्च आम्हाला परवडणारा वाटत नाही. बांधलेल्या घरात आधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप द्यावा किंवा वर पत्र्याची सावली करावी. एसी २५-२६ वर ठेवून पंखा लावावा. हेस्कॉमच्या बिलात फरक दिसेल.

नवे घर बांधणाऱ्यांनी मात्र फॉल्स सीलिंगच्या आधीच विचार करावा. कंत्राटदाराला दोन गोष्टी विचारा : दव धरू लागताच पाणी आपोआप बंद करणारा सेन्सर आहे का, आणि नळी गळाली तर दुरुस्तीचा माणूस कुठून येणार.