राखेच्या वाऱ्यातलं कवच

अकोल्याहून शेगावकडे जाताना पारस लागतं. तिथल्या महानिर्मितीच्या केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, एक २००८चा आणि दुसरा २०१०चा. अमरावतीजवळ नांदगावपेठला २०१३ ते २०१५ या काळात २७० मेगावॅटचे पाच संच सुरू झाले. ‘सोफिया’ या नावानं गाजलेला प्रकल्प तो हाच. त्यावरून वऱ्हाडात रान पेटलं ते अप्पर वर्धेच्या पाण्यासाठी, आणि ते पेटायलाच हवं होतं. बॉयलरच्या पोटातल्या नळ्यांची चर्चा मात्र कामगारांपलीकडे जात नाही. ‘ट्यूब लिकेज’ झालं, संच बंद पडला, एवढंच कानावर येतं.

यांतल्या सर्वांत तापलेल्या नळ्यांत साधारण ५४० अंशांची वाफ असते आणि बाहेर त्याहून कितीतरी तापलेला धूर. राखेतल्या सोडियम-पोटॅशियमची सल्फेटं लोहाशी मिळून नळीवर वितळतात आणि पोलादावरचा ऑक्साइडचा राखणदार थर विरघळवतात. यावर उपाय म्हणून निकेल-क्रोमियमची फवारणी करतात. धातू वितळवून फवारण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडच्या मॅक्स शूपनं काढली. आजच्या एचव्हीओएफ म्हणजे अतिवेगवान ज्वालेच्या बंदुकीतून भुकटीचे कण सेकंदाला पाचशे मीटरहून अधिक वेगानं आपटतात, चपटे होतात आणि भाकरीवर भाकरी रचावी तसा थर चढतो. मधल्या फटी हे त्याचं दुखणं. पण तापल्यावर त्याच फटींत क्रोमियमचा ऑक्साइड भरतो आणि प्राणवायूची वाट अडते.

आता खरी गोम. गंज हाच मुख्य शत्रू, हे शहाणपण मुख्यतः गंधकानं भरलेल्या अमेरिकी आणि क्लोरीनयुक्त ब्रिटिश कोळशावरून आलं. आपल्या कोळशात गंधक बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, राख मात्र ३० ते ४५ टक्के, आणि तीही गारगोटीच्या कणांनी भरलेली. इथे नळी गंजण्याआधी घासली जाते, बॉयलरचं पाणी धुरावर आधीच तापवणाऱ्या इकॉनॉमायझरमध्ये तर विशेषच. म्हणून नुसत्या गंजरोधकतेचे आकडे पाहून लेप निवडणं मला अर्धवट वाटतं. क्रोमियम कार्बाइड आणि निकेल-क्रोमचं मिश्रण दोन्ही मार झेलतं, साधारण ८५० अंशांपर्यंत. टंगस्टन कार्बाइड त्याहून कठीण, पण पाचशेच्या पुढे त्याचंच ऑक्सिडीकरण होऊ लागतं.

रुडकीच्या संशोधकांनी भटिंड्याच्या औष्णिक केंद्रात लेप दिलेले नमुने चालू बॉयलरमध्येच टांगून तपासले. प्रयोगशाळेतल्या भट्टीत राखेचा वारा नसतो, त्यामुळे मला या चाचण्या अधिक मोलाच्या वाटतात.

पुढची अडचण सौरऊर्जेची आहे. दुपारी सूर्याची वीज भरपूर मिळते, म्हणून औष्णिक संचांनी भार उतरवायचा आणि संध्याकाळी पुन्हा चढवायचा. २०२३च्या केंद्रीय नियमांनी ५५ टक्क्यांपर्यंत, पुढे ४० टक्क्यांपर्यंत उतरण्याची तयारी मागितली आहे. लेप आणि पोलाद सारखे प्रसरण पावत नाहीत. रोजच्या चढउतारानं थराला तडे जातात, आणि जाड थर आधी सुटतो. शिवाय नळी बदलताना वेल्डिंगचे सांधे लेपाविना राहतात. ते बॉयलरमध्ये परांची बांधून, वाळू-खड्यांच्या माऱ्यानं पृष्ठभाग खरबरीत करून, आर्क स्प्रेनं, म्हणजे विजेच्या ठिणगीनं तार वितळवून, फवारावे लागतात. ओव्हरहॉलच्या मोजक्या दिवसांत सर्वांत आधी घाई होते ती याच खरबरीतपणाच्या कामात, आणि लेपाची पकड तर सगळी त्याच्यावरच असते.