पैठणची वाट आणि लेण्यांतील नांवें

शेवगांव तालुक्याच्या उत्तर अंगास गोदावरी वाहते आणि तिच्या पैलतीरावर पैठण वसलें आहे. ऐलतीरावरील मुंगी हें गांव शेवगांव तालुक्यांतलें. परंतु लोकांच्या तोंडीं 'मुंगी-पैठण' अशी जोडीच रूढ आहे. तेव्हां पैठणच्या प्राचीन वैभवाची कथा या बाजूच्या लोकांना परकी वाटण्याचें कारण नाहीं.

सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, ही सातवाहन राजांची राजधानी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेंतील ग्रंथांत भडोच बंदरापासून पैठणपर्यंतची वाट 20 दिवसांची सांगितली आहे. तेथून पूर्वेस आणखी 10 दिवसांवर तगर, म्हणजे आजचें तेर. पैठणहून अकीक जातीचे दगड आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचला जाई. दुसरी वाट जुन्नरवरून नाणेघाट उतरून कोंकणांतील बंदरांकडे जात असे. शेवगांवला लागून असलेल्या नेवासें येथें 1954 ते 1956 या काळांत उत्खनन झालें, तेव्हां रोमन मद्यकुंभांचे तुकडे सांपडले. समुद्रापलीकडचा माल प्रवरेच्या कांठापर्यंत पोंचत होता, याचा हा पुरावा होय.

आतां प्रश्न असा कीं, या व्यापारानें श्रीमंत झालेला कारागीर समाजांत कोठें उभा होता? याचें उत्तर वाटांच्या आसपास खोदलेल्या बौद्ध लेण्यांत मिळतें. पितळखोऱ्याच्या लेण्यांतील एक स्तंभ पैठणच्या गांधिकानें, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यानें दिलेला आहे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें लेणें आणि पाण्याचें टांकें दिलें. कुड्याच्या लेण्यांत माळ्याचें, तर कार्ल्याला सुताराचें नांव आहे. या लोकांनीं आपला धंदा लपविला नाहीं. नांवाबरोबर तोही दगडावर कोरविला.

श्रेणी म्हणजे एका धंद्यांतील लोकांचा संघ. तिची पत केवढी होती, हें नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका लेखावरून कळतें. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानें भिक्षूंसाठीं 3000 कार्षापण कायमचे ठेवले. ते राजाच्या खजिन्यांत नव्हे, तर गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. पैकीं 2000 वर दरमहा शेंकडा एक व्याज ठरलें. महिन्याचे 20, तर वर्षाचे 240 झाले. चातुर्मासांत राहणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रांसाठीं प्रत्येकीं 12 कार्षापण द्यावयाचे होते. त्यांचीही बेरीज बरोबर 240 च होते. मुद्दलास हात न लावतां धर्मकार्य चालावें, ही ती योजना. राजघराण्याचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहील, असा भरंवसा मागावर बसणाऱ्या लोकांवर टाकलेला होता.

त्याच डोंगरांत दुसरा एक लेख आहे. पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षीं त्याची आजी गौतमी बलश्री हिनें भिक्षूंना लेणें दिलें. त्या लेखांत आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि यानें चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, अशी तिनें स्तुति केली आहे. दान बौद्ध संघास आणि गौरव मात्र वर्णव्यवस्थेचा! तत्कालीन राजांस यांत विसंगति वाटली नसावी. वेदोक्त यज्ञ करणें आणि भिक्षूंस आश्रय देणें, हीं दोन्ही राजाचींच कर्तव्यें मानलीं जात.

यावरून त्या काळीं समता नांदत होती, असें मात्र समजूं नये. घोषणेंत वर्णांच्या सीमा कडक होत्या. परंतु संघानें दान घेतांना दात्याचा वर्ण आड येऊं दिला नाहीं आणि व्यापारानें कारागिराच्या हातीं दान देण्याजोगा पैसा आणून दिला. ही संधि मिळतांच सुतार, माळी, वाणी यांनीं आपलीं नांवें खडकावर कोरवून घेतलीं. पैठणहून निघणाऱ्या गाड्यांच्या चाकोऱ्या केव्हांच बुजल्या. तीं नांवें मात्र आजही वाचतां येतात.