खुब्याचा सांधा आणि न ठेवलेली नोंद

भिलाई-३ येथे एका परिचित मराठी कुटुंबाकडे मी दोन दिवस मुक्कामाला होतो. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून आले आणि चरोद्याच्या यार्डाजवळच घर झाले. घरातला धाकटा मुलगा २९ वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल आहे आणि उजव्या खुब्याच्या वेदनेमुळे जिना चढताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. टेनिसपटू अँडी मरे याने जानेवारी २०१९ मध्ये खुब्याचे ‘रिसरफेसिंग’ करून घेतले आणि तो पुन्हा मैदानात उतरला, हे त्याने वाचले होते. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून त्याने विचारले, “काका, सगळा सांधा कापण्यापेक्षा नुसती टोपी बसवून भागणार नाही का?”

प्रश्न रास्त होता. खुब्याचा सांधा म्हणजे उखळी आणि तीत फिरणारे मांडीच्या हाडाचे गोल डोके. संपूर्ण सांधेबदलात हे डोके मानेसह कापून काढतात, हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात आणि उखळीला नवे अस्तर देतात. १९६२ पासून जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये रुळवलेली ही पद्धत आज सर्वाधिक परिचयाची आहे. रिसरफेसिंगमध्ये डोके काढत नाहीत. ते तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि उखळीतही धातूचीच वाटी घालतात. हाड वाचते, सांधा निखळण्याचा धोका कमी राहतो आणि पुढे संपूर्ण सांधेबदलाची वाट मोकळी असते. तरुण, धडधाकट हाडांच्या पुरुषाला हा पर्याय मोलाचा ठरू शकतो.

पण टोपी बसवायची तर तिच्याखालचे हाड जिवंत हवे. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि हाडाचे डोके रक्ताविना मरते. मृत भाग मोठा असला, तर टोपी सैल होण्याची किंवा मान मोडण्याची भीती असते. शिवाय धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरतात. ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात, आणि सिकलसेल नेमका मूत्रपिंडांनाही इजा करतो. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ या सिकलसेलच्या पट्ट्यात ‘हाड वाचवणारी’ शस्त्रक्रिया ज्यांना हवीशी वाटते, त्यांतल्या अनेकांना ती मानवणारी नाही. संपूर्ण सांधेबदलही त्यांच्यासाठी सोपा नसतो. जंतुसंसर्गाचा धोका अधिक, हाडाची पोकळी अरुंद, आणि वयाच्या तिशीत बसवलेला सांधा पुढे पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता मोठी.

तेव्हा निवड डॉक्टर आणि रुग्ण यांनीच करायची आहे. शासनाचे काम दुसरे आहे : बसवलेला सांधा टिकतो की नाही, याचा हिशेब ठेवणे. तो न ठेवल्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. ‘डेप्यू’ कंपनीचे ‘एएसआर’ सांधे रिसरफेसिंग आणि संपूर्ण सांधेबदल अशा दोन्ही रूपांत मिळत. दोन्हींत धातूवर धातूच घासला जाई. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत ते लवकर निकामी होत असल्याचे दिसले आणि २००९ च्या अखेरीस तेथील बाजारातून ते मागे घेतले गेले. ब्रिटनच्या नोंदवहीत पाच वर्षांत अनुक्रमे १२ आणि १३ टक्के सांध्यांवर फेरशस्त्रक्रिया करावी लागल्याचे आढळले. ऑगस्ट २०१० मध्ये ते जगभरातून परत बोलावण्यात आले.

भारतात असे सांधे सुमारे ४,७०० रुग्णांत बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली ती २०१७ मध्ये. पुढच्या वर्षी ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचे सूत्र ठरले. तोवर ३,६०० हून अधिक रुग्णांचा माग लागत नव्हता. भरपाई ठरली, पण ती द्यायची कोणाला याची यादी नव्हती.

स्वीडनने खुब्याच्या सांध्यांची नोंदवही १९७९ मध्ये सुरू केली. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेने नोंदवही चालवली आहे, पण तीत माहिती भरणे ऐच्छिक आहे. तिला सक्तीचे रूप देण्यासाठी शासनाच्या हाती मोठे साधन आहे. आयुष्मान भारत योजनेत खुब्याच्या सांधेबदलाचा खर्च सरकार देते. सांध्याचा प्रकार आणि अनुक्रमांक राष्ट्रीय नोंदवहीत चढल्याखेरीज रुग्णालयाचे देयक चुकते करू नये, एवढी एक अट पुरेशी आरंभ ठरेल. फेरशस्त्रक्रियेचीही नोंद त्याच क्रमांकाखाली व्हावी. खासगी रुग्णालयांना ही अट परवान्याशी जोडता येईल. सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेला १ जुलै २०२३ रोजी प्रारंभ झाला आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणीत सापडलेल्या रुग्णाच्या खुब्याचे पुढे काय झाले, हेही त्याच मोहिमेने पाहायला हवे.

त्या तरुणाला तज्ज्ञांनी अखेर संपूर्ण सांधेबदलाचा सल्ला दिला आहे. निघताना मी त्याला सांगितले, सांध्याच्या वेष्टनावरचे क्रमांकाचे चिकटपत्र मागून घे आणि जपून ठेव. तो म्हणाला, “ठेवीन, काका. पण उद्या सांधा बिघडला, तर तो नंबर दाखवायचा कुणाला?” या प्रश्नाचे उत्तर आज तरी माझ्यापाशी नव्हते. ते सरकारपाशी असायला हवे.